हरणारा फौजदार

पोलिसावरचा सिनेमा पोलिसाशेजारी बसून बघू नये, हे आमच्या घरच्यांना अनुभवानं कळलंय. पडद्यावर खून पडतो, नायक येतो, प्रेताशेजारची सुरी उचलून निरखतो आणि मी खुर्चीतून ओरडतो, "अरे, पंच कुठायत? ठसे गेले ना!" मग बायको टीव्हीचा आवाज वाढवते. पुढे नायक एकटाच गुंडांच्या अड्ड्यावर जातो. स्टेशन डायरीला नोंद नाही, वायरलेसवर कळवणं नाही, हद्द कुणाची याचा पत्ता नाही. धडाधड गोळ्या झाडतो आणि दुसऱ्या दिवशी एकाही पुंगळीचा हिशेब त्याला कुणी मागत नाही. आमच्या वेळी फायरिंगच्या सरावानंतर एक पुंगळी कमी भरली, तर सगळी तुकडी गवतात गुडघ्यांवर बसून ती शोधायची. सापडल्याशिवाय जेवण नाही.

रत्नागिरी जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि आता खेडला, भरणे नाक्याच्या अलीकडे घर बांधून राहतोय. वेळ भरपूर आहे. मुलानं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलंय. त्यावर मी जे सिनेमे परत परत लावतो ते इटलीतले आहेत, साधारण १९७२ ते १९८० या काळातले. तिकडे या सगळ्या प्रकाराला 'पोलित्सियोत्तेस्को' असं जरा कुत्सित नाव आहे. कमी पैशांत, झटपट उरकलेले, मारधाडीचे, समीक्षकांनी नाकं मुरडलेले सिनेमे. नाक्यावरची मित्रमंडळी विचारतात, "तुम्हाला मिलान-नेपल्सच्या पोलिसांचं काय पडलंय?" माझं म्हणणं एवढंच, की पोलिसाची नोकरी काय असते हे ज्या सिनेमावाल्यांना कळलं असे जगात थोडे, आणि त्यातले बरेचसे या ढिगाऱ्यात सापडतात. कारण त्यांच्या सिनेमातला फौजदार हरतो.

माझी त्यांची ओळख झाली मुद्देमालातून. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. खेड, दापोली, चिपळूणच्या खाडीपट्ट्यात घरटी एक माणूस कुवेत, दोहा, नाहीतर बहरीनला असायचा. सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात अत्तर, ब्लँकेट, टेपरेकॉर्डर आणि पुढेपुढे व्हीसीआर. मग कुणीतरी पडवीला गोणपाट बांधायचा, तिकीट लावायचा आणि विनापरवाना थिएटर सुरू व्हायचं. अशाच एका पडवीवर आम्ही छापा घातला. टीव्ही, व्हीसीआर आणि पिशवीभर कॅसेटी जप्त झाल्या. साहेबांचा हुकूम आला, "यात तसलं काही आहे का, ते पंचांसमक्ष बघून घ्या."

बसलो आम्ही चौघं. मोठे हवालदार, मी आणि दोन पंच. आमच्यापैकी कुणालाच मशीन लावता येईना, म्हणून शेवटी आरोपीलाच बोलावून घेतलं. बिचाऱ्यानं अगत्यानं सगळ्या वायरी जोडून दिल्या. हवालदार तोंडानं सांगत होते, मी लिहीत होतो : एक काळ्या रंगाची व्हिडिओ कॅसेट, जुनी वापरती, त्यावर इंग्रजी अक्षरांत नाव असलेली चिठ्ठी. चित्र आलं. सिनेमा होता 'व्हायोलंट नेपल्स', उम्बेर्तो लेन्झी या दिग्दर्शकानं १९७६ साली काढलेला. बोलणं इंग्रजीत, खाली अरबी अक्षरं. पंचांपैकी एक वयस्कर गृहस्थ मदरशात शिकलेले होते. हवालदारांनी विचारलं, "चाचा, काय लिवलंय खाली?" ते म्हणाले, "हर्फ लागतात साहेब, मतलब लागत नाय."

मतलबाची फारशी गरजही पडली नाही. पडद्यावर एक इसम पोलीस ठाण्यात येतो, रजिस्टरवर सही करतो, बाहेर पडतो, मोटारसायकलला किक मारतो आणि गर्दीतून सुसाट जाऊन बँक लुटतो. हवालदार एकदम ताठ बसले. "अरे, हा तर आपला हजेरीवाला!"

ज्यांचा पोलीस ठाण्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अटीवर सुटलेल्या माणसाला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी ठाण्यात येऊन सही करावी लागते. ती हजेरी. ही हजेरी त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी असते. या सिनेमातला कासाग्रांदे नावाचा दरोडेखोर तीच उलटी वापरतो. गुन्हा घडला तेव्हा मी तुमच्याच ठाण्यात होतो, ही बघा तुमच्याच रजिस्टरला माझी सही. कमिसारिओ बेत्तीला, म्हणजे त्यांच्या बड्या फौजदाराला, दरोडे हाच घालतोय हे कळलेलं असतं. पण खुद्द पोलिसांचाच कागद आरोपीच्या बाजूनं साक्ष देत असतो. अशी युक्ती ज्यानं लिहिली तो लेखक कधीतरी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला असणार.

दहा मिनिटं बघून आमचं काम भागलं असतं. आम्ही शेवटपर्यंत बघितला. पंचनाम्यात लिहिलं, 'सदर कॅसेटमध्ये आक्षेपार्ह असे काही मिळून आले नाही.' तेवढ्या वेळात पडद्यावर माणसं किती मेली याची मोजदाद पंचनाम्यात नव्हती.

आता मुद्द्याचं. आम्हाला माहीत असतं. गावाला माहीत असतं. घर कुणी फोडलं, माल कुठल्या वाडीत गेला, हे नाक्यावरच्या चहावाल्यालाही माहीत असतं. पण कोर्टात ते सिद्ध करायचं, तर पंच टिकले पाहिजेत, साक्षीदार फुटता कामा नये, पंचनाम्यातली वेळ आणि डायरीतली वेळ जुळली पाहिजे. माझ्याकडच्या एका घरफोडीच्या गुन्ह्यात दोन्ही पंच फुटले. पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली, हे वाक्य दोघांनी शाळेतल्या पाठांतरासारखं अक्षरशः एकसारखं म्हटलं. आरोपी निर्दोष सुटला. बाहेर पायऱ्यांवर त्यानं मला विचारलं, "साहेब, चहा घेणार?" त्यात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. त्याला वकिलानं सांगितलं ते त्यानं केलं होतं, मला कायद्यानं सांगितलं ते मी केलं होतं. तरी घरी पोचेपर्यंत माझी उजवी मूठ वळलेलीच होती.

या सिनेमांनी ती मूठ बरोबर हेरली. लेन्झीचाच १९७४ चा एक सिनेमा आहे, इंग्रजीत 'ऑलमोस्ट ह्यूमन'. मूळ इटालियन नावाचा अर्थ साधारण असा, की मिलान द्वेषानं पेटलंय आणि पोलिसांना गोळी चालवता येत नाही. त्यात तोमास मिलियान या मूळच्या क्यूबन नटानं जुलिओ साक्की नावाचा भुरटा गुन्हेगार उभा केलाय. भित्रा, बढाईखोर, दारू आणि गोळ्यांच्या नशेत फुगलेला. असे मी बरेच पाहिलेत. हिंदी सिनेमातल्या खलनायकासारखा त्याचा अड्डा नसतो, सिंहासन नसतं. त्याला मोठं व्हायचं असतं, म्हणून तो एका उद्योगपतीच्या मुलीला पळवतो आणि वाटेत आडवा येईल त्याला मारत सुटतो. कमिसारिओ ग्रांदी झालाय हेन्री सिल्वा. दगडातून काढल्यासारखा चेहरा, हसू नावाला नाही. ग्रांदीला सगळं कळतं, पुरावा मात्र साक्कीच्या बाजूचा उभा केला जातो आणि साक्की सुटतो. शेवटी ग्रांदी त्याला स्वतः गोळी घालतो, कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर. टाळ्या आणि शिट्ट्यांची हक्काची जागा. पण त्या ढिगाऱ्यावर बघताना आपल्या हातून टाळी निघत नाही. एन्नियो मोरिकोनेचं संगीतही ती मागत नाही. एक माणूस मेलेला असतो आणि दुसऱ्याची नोकरी, अब्रू, इतक्या वर्षांची कायद्यावरची श्रद्धा, सगळं त्याच कचऱ्यात पडलेलं असतं.

सगळेच सिनेमे या तोलाचे नाहीत, हेही सांगायला हवं. मॉरित्सिओ मेर्ली हा त्या काळचा लाडका पडद्यावरचा पोलीस. सोनेरी केस, भरघोस मिशी, निळे डोळे. चौकशी म्हणजे आधी कानफटीत, मग प्रश्न. 'रोमा आ मानो आर्माता' (१९७६) मध्ये तो मिलियानला चक्क बंदुकीची गोळी गिळायला लावतो. मिलियान त्यात कुबड्या गुंड झालाय, आणि याच सिनेमात तो पळवलेली रुग्णवाहिका भर गर्दीत घुसवतो. मेर्ली १९८९ साली, पन्नाशीच्या आतच, टेनिस खेळल्यानंतर गेला. त्याचे सिनेमे बघताना माझेही हात शिवशिवतात, ते लपवण्यात अर्थ नाही. आकर्षण तिथूनच सुरू होतं. ते तिथंच संपतं की पुढं जातं, यावर सिनेमाची किंमत ठरते.

दुसरं आकर्षण अगदी साधं आहे, गाड्यांचं आणि रस्त्यांचं. आपल्या मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, ती प्रीमियर पद्मिनी, मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईतले टॅक्सीवाले तीच गाडी, डिकीत मखर आणि टपावर बोचकी बांधून, कशेडी घाट उतरून खेडात आणायचे. त्यामुळे नेपल्सच्या बोळात एखादी फियाट भिंतीवर आपटली, की आम्हाला आपल्याच माणसाचं नुकसान झाल्यासारखं वाटतं. पोलिसांकडे अल्फा रोमिओची जुलिया. आणि ही थाप नव्हे, साठच्या दशकात रोमच्या पोलिसांकडे खरोखरची फेरारी होती. आर्मांदो स्पाताफोरा नावाचा पोलीस ती चालवायचा, आणि त्याच्यावरून सुचलेला 'पोलित्सिओत्तो स्प्रिंट' हा सिनेमा स्तेल्विओ मास्सीनं १९७७ मध्ये काढला.

आमच्याकडे जीप होती. रात्री ती उतारावर लावून ठेवायची, म्हणजे सकाळी ढकलायला माणसं लागत नाहीत. एकदा खैराच्या चोरट्या लाकडाचा ट्रक आम्ही कशेडीत गाठला होता. बोगदा तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, सगळी वळणं मोजून घ्यावी लागायची. ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये पुढे, आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये मागे. शेवटी ट्रकचंच इंजिन तापलं म्हणून तो थांबला, आणि आमचं थांबल्यावर बंद पडलं. आरोपीनं आमच्याकडे बघितलं, आम्ही आरोपीकडे बघितलं. पुढचा तपशील सरकारी कागदावर आहे.

म्हणून पाठलागात मला वेगापेक्षा जडपणा बघायला आवडतो. गाडी वळते तेव्हा तिचं वजन एका अंगावर कलंडतं, टायर किंचाळतो, चाकाची वाटी निखळून गटाराकडे घरंगळत जाते. संगणकावर काढलेल्या गाड्यांना वजनच नसतं. रुज्जेरो देओदातो या दिग्दर्शकानं १९७६ मध्ये रोमच्या रस्त्यांवर मोटारसायकलींचा एक लांबलचक पाठलाग परवानगी न घेताच चित्रित केला. फुटपाथवरच्या बायाबापड्या दचकून मागे सरतात तो अभिनय नाही. आज खेडच्या बाजारपेठेत कुणी असलं केलं, तर गुन्हा दाखल करा म्हणून मीच पहिला जाईन. पण पडद्यावर त्या भीतीला तोड नाही.

हा सगळा राग आला कुठून? १२ डिसेंबर १९६९ ला मिलानच्या पियात्सा फोन्ताना चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटला, १७ माणसं गेली. चौकशीला आणलेला जुझेप्पे पिनेल्ली हा रेल्वे कामगार तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडून मेला. मे १९७२ मध्ये लुइजी कालाब्रेझी या पोलीस अधिकाऱ्याला त्याच्या घराबाहेर गोळ्या घातल्या. १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना पळवून ठार केलं. उजवे बॉम्ब लावत होते, डावे गोळ्या घालत होते, टोळ्या श्रीमंतांची पोरं पळवत होत्या आणि शिव्या सगळ्यांच्या पोलिसांना. अशा वेळी लोक तिकीट काढून काय बघायला जाणार? कुणीतरी ठणकावतोय, हे.

पण याच लाटेच्या अगदी सुरुवातीला एक सिनेमा आला, आणि माझ्या मते तो सगळ्यांत वरचा. 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया', म्हणजे 'पोलीस आपले आभारी आहेत', साल १९७२. दिग्दर्शक स्तेनो. हा गृहस्थ विनोदी सिनेमे काढणारा; या गंभीर सिनेमाला मात्र त्यानं स्तेफानो वान्झिना हे आपलं पूर्ण नाव लावलं. रोममध्ये सुटलेले गुन्हेगार पटापट मरू लागतात. कायदा ज्यांना सोडतो त्यांना कुणीतरी उचलतो आणि संपवतो. लोक खूश. कमिसारिओ बेर्तोने मात्र तपास करत जातो, आणि धागा त्याला नेऊन सोडतो त्याच्याच खात्यात. मारेकऱ्यांची टोळी जुन्या पोलिसांची, आणि म्होरक्या खुद्द एक निवृत्त बडा अधिकारी. तो बेर्तोनेला समजावतो, की तुझा राग आणि आमचा राग एकच आहे, ये आमच्यात. बेर्तोने येत नाही. मग त्यालाही मारतात.

खुर्चीतल्या प्रेक्षकाला तो म्होरक्या पटत असतो, हीच यातली खुबी. दीड तास आपण मनातल्या मनात "बरं झालं मेला" म्हणत बसलेलो असतो, आणि मग सिनेमा ते म्हणणाऱ्यांची टोळी कुठली ते दाखवतो.

त्या सिनेमांतला पोलीस कायम वैतागलेला का असतो, याचं एक कारण पडद्याबाहेरही होतं. इटलीचे पोलीस तेव्हा लष्करी शिस्तीत बांधलेले होते, त्यांना संघटना करायला बंदी होती. आतून वर्षानुवर्षं धडपड झाली आणि १ एप्रिल १९८१ च्या कायद्यानं ते नागरी दल झालं. संघटनेचा हक्क मिळाला, संपाचा नाही. आपल्याकडे पुढच्याच वर्षी नेमकं उलटं घडलं. महाराष्ट्रातल्या पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता सरकारनं काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक केली, आणि १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत शिपाई रस्त्यावर उतरले. दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं.

माझे धाकटे काका तेव्हा मुंबईत शिपाई, नायगावला बीडीडी चाळीत राहायला. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आजीसकट सहा माणसं आणि गावाहून कुणी गेलं तर सातवा मी. संडास मजल्याला सामाईक. रात्रपाळीवरून आलेला माणूस झोपणार कुठं, तर पोरं शाळेत गेल्यावर पोरांच्या जागेवर. त्या दिवसाबद्दल काका फारसं बोलले नाहीत. "आपल्यावर बंदूक घेऊन उभा असलेला जवानपण शेतकऱ्याचाच पोर होता," एवढं एकदा म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

ते सालच तसं होतं. ११ जानेवारीला वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला. मुंबई पोलिसांचं पहिलं एन्काउंटर म्हणून ते ओळखलं जातं, आणि मन्या आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातला. १८ जानेवारीला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि खेडातली कितीतरी घरं मनिऑर्डरीविना बसली. ऑगस्टमध्ये पोलीस. आणि १९८३ ला आला 'अर्धसत्य'.

इटालियन सिनेमांचा सख्खा भाऊ शोधायला मला लांब जावं लागत नाही. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. नाव दिलीप चित्र्यांच्या कवितेवरून. ओम पुरीचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर हा खात्यातल्याच बापाचा मुलगा, बापाच्या पट्ट्याच्या धाकानं पोलिसात आलेला. डाकू पकडतो हा, श्रेय जातं दुसऱ्याला. रामा शेट्टीला पकडायला जातो, तर तिथून एक फोन होतो आणि हात हलवत परत येतो. सदाशिव अमरापूरकरांनी तो रामा शेट्टी आवाज न चढवता केला. खरे दादा असेच असतात. ओरडायचं काम त्यांनी पगारी माणसांना दिलेलं असतं. वेलणकरची मूठ वळत वळत जाते आणि एके रात्री कोठडीत एका भुरट्या चोरावर उतरते. चोर मरतो. आता त्याला वाचवू शकेल असा एकच माणूस उरतो, रामा शेट्टी. वेलणकर त्याच्या दारात जातो, त्याचा माणूस होण्याचा भाव ऐकतो, त्याचा गळा आवळतो आणि स्वतःच्याच ठाण्यात जाऊन हजर होतो.

हजर होतो, हे महत्त्वाचं. स्टेशन डायरीला नोंद होते.

आता 'सिंघम' घ्या. २०११ चा. आमच्याकडे भरतीची तयारी करणारी पोरं जगबुडी नदीच्या पुलावरून पहाटे धावतात, त्यांच्या फोनची रिंगटोन अजून तीच आहे. मला अजय देवगणचं वाकडं नाही, माणूस मेहनती आहे. पण त्या सिनेमाचा शेवट आठवा. सगळं खातं, वरपासून खालपर्यंत, एकजुटीनं जयकांत शिक्रेला संपवतं आणि खोटा बनाव रचतं. थिएटरात शिट्ट्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी जाहीर भाषणात याच शेवटावर बोट ठेवलं होतं, की असे सिनेमे घातक संदेश देतात. न्यायमूर्तींवर तेव्हा बऱ्याच जणांनी तोंडसुख घेतलं. मी म्हणतो, न्यायमूर्ती राहू द्या, स्तेनोचा सिनेमा बघा. १९७२ साली इटलीत जे काम खलनायकाचं होतं तेच २०११ साली आपल्याकडे नायकाचं झालं. कट तोच, खातं तेच, फक्त पार्श्वसंगीत बदललं.

यावर नाक्यावर मला उत्तर मिळतं, "सिनेमा हो तो, डोक्याला ताप कशाला?" ताप असा. कुठं काही वाईट घडलं की फोनवर संदेश फिरू लागतात, 'गोळ्या घाला, कोर्टाचा वेळ वाचवा.' नोकरीत असताना हेच समोर ऐकलंय. फिर्याद द्यायला आलेला सज्जन माणूस कानाशी वाकून म्हणायचा, "साहेब, दोन ठेवून द्या त्याला." हेच सज्जन पुढं पंच व्हा म्हटलं की गावाला जायचे. पोलिसानं कायदा मोडावा ही मागणी लोकांची असते आणि मोडल्याचा हिशेब पोलिसाच्या एकट्याच्या नावावर निघतो. निलंबन त्याचं, चौकशी त्याची, दारात येऊन उभी राहणारी कोठडीत मेलेल्याची आईही त्याचीच. हे ज्या सिनेमात नाही तो सिनेमा मला पोलिसाचा वाटत नाही, भले त्यात मोटारी कितीही उडोत.

इटलीतल्या डाव्या समीक्षकांनी या सिनेमांना फॅसिस्ट म्हटलं. मेर्लीच्या काही सिनेमांना ते लागू आहे, वाद घालणार नाही. बायकांची तर यात पार दैना. बाई दिसली की ती एकतर ओलीस असणार नाहीतर प्रेत. आमची ही 'ऑलमोस्ट ह्यूमन'मधून अर्ध्या तासात उठून गेली ती परत आली नाही, आणि तिचं बरोबर होतं. कथानकांत भोकं आहेत. संवाद मागाहून भरलेले, ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. पण आपले हिंदी सिनेमेही तेव्हा डबिंगवरच चालायचे, त्यामुळे आमच्या पिढीला त्याचं काही वाटत नाही. नवख्यानं सुरुवात करायची तर स्तेनोच्या सिनेमापासून करावी, मेर्लीकडे नंतर वळावं. आणि घरात लहान मुलं असतील तर दार लावून घ्यावं.

मराठी पडद्याचं काय? आमच्या मुलांचा पोलीस म्हणजे 'झपाटलेला'मधला महेश कोठारे. तात्या विंचूच्या मागे लागलेला तो इन्स्पेक्टर पोरांना भारी आवडायचा, मलाही आवडायचा. पण हवालदार म्हटला की आपल्याकडे अजून ढेरी, काठी आणि विनोद. बंदोबस्तात सोळा तास उभा राहिलेला, बुटात पाय सुजलेला, गणपतीला कधीच घरी नसलेला, 'माहीत आहे पण सिद्ध होत नाही' हे रोज गिळणारा शिपाई नायक म्हणून यायला हवा. पानवलकर, तेंडुलकर मराठीच होते, तरी त्यांचा वेलणकर पडद्यावर हिंदीत बोलला. त्याला आता मराठीत बोलू द्या.

विषय तयार आहे, शोधायला नको. १८ ऑगस्ट १९८२, नायगाव. गिरणी संपावर महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' काढला, तसा कुणीतरी या दिवसावर काढावा. १६० चौरस फुटांची खोली, रात्रपाळीवरून आलेला शिपाई, काढून घेतलेली संघटना आणि दारात आलेलं लष्कर. गाड्या उडवायला पैसे लागणार नाहीत. त्या दिवशी खात्यात जे सगळ्यांत कोवळे होते त्यांनीही साठी केव्हाच ओलांडली आहे. बरेच जण निवृत्तीनंतर खेड, चिपळूण, पाटण, जावळीकडे आपापल्या गावी येऊन राहिलेत आणि विचारलं तर बोलतात. ज्याला हा सिनेमा काढायचा असेल त्यानं त्यांच्याकडे याच वर्षी जावं.